काजळीमामांचं पित्ताशय

माणसाच्या पोटात पित्ताशय नावाची एक पिशवी असते, हे बहुतेकांना ती दुखायला लागल्यावरच कळतं. काजळीमामांना ती वयाच्या चोविसाव्या वर्षापासून ठाऊक होती. नुसती ठाऊक नव्हती, तर तिला दोन्ही बाजूंनी दोरा बांधून टांगण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

मामा मेडिकल कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. परिचर हा कागदोपत्री शब्द. प्रत्यक्षात प्रयोग तेच मांडत आणि मोडतही तेच. मधल्या वेळात विद्यार्थी येऊन थोडीशी लुडबुड करून जात, एवढंच. गिनीपिगच्या पित्ताशयाची बारीक पट्टी कापायची, कोमट मिठाच्या पाण्याच्या काचपात्रात ती उभी टांगायची, खालचं टोक काचेच्या आकड्याला, वरचं टोक दोऱ्याने एका हलक्या काडीला. काडीचं टोक टेकायचं एका गोल फिरणाऱ्या ड्रमवर. त्या ड्रमवर काजळी धरलेला कागद. पट्टी आक्रसली की काडी हलणार आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ वर चढणार. पट्टी सैलावली की रेघ खाली उतरणार.

ही काजळी धरण्याचं काम मामांचं. ड्रम ज्योतीवर फिरवत धरायचा, कागद सगळीकडून सारखा काळा होईपर्यंत. कमी धरली तर रेघ दिसत नाही, जास्त धरली तर पोपडे निघतात. मामांचा कागद मखमलीसारखा यायचा. त्यापायी त्यांच्या शर्टाच्या बाह्या, नखं, कानाच्या पाळ्या आणि लग्नातला फोटो एवढं सगळं काळं झालं. त्यांना काजळीमामा हे नाव कोणत्या बॅचने ठेवलं ते कुणाला आठवत नाही. विभागप्रमुख बाईसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारत, आणि मामा ‘ओ’ देत.

बाई शिकवायला फार चांगल्या होत्या. मज्जातंतूने सोडलेलं रसायन स्नायूच्या पेशीवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि मग पेशी आक्रसते, हे त्या सांगत. मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की म्हणत, “बसमधली सीट समजा. तो रसायनवाला प्रवासी येऊन बसला की गाडी सुटते. पोट हलतं, आतडं पुढे ढकलतं, पित्ताशय पित्त पिळून बाहेर काढतं. आता ॲट्रोपीन काय करतं? सीटवर रुमाल टाकून ठेवतं. स्वतः बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. गाडी जागची हलत नाही.” मग मामा पात्रात ॲट्रोपीनचा थेंब सोडत, नंतर ते रसायन सोडत, आणि काडी ढिम्म हलत नसे. कागदावर सरळ रेघ. मुलं वहीत लिहून घेत. पुढे बाई पाढा म्हणायला लावत. ज्याच्या सगळ्या सीटांवर असे रुमाल पडलेत तो माणूस कसा ओळखायचा? तोंड कोरडं, बाहुली मोठी, पोट गप्प, लघवी तुंबलेली. मामांना हा पाढा बत्तीस वर्षांत इतका पाठ झाला होता की बाई ठसका लागून थांबल्या तर मागून तेच पुरा करत.

या कामात मामांचा एकच हट्ट होता, तो म्हणजे धुणं. एक औषध देऊन झालं की पात्रातलं पाणी तीनदा बदलायचं आणि मग पट्टीला अर्धा तास हात लावायचा नाही. पहिल्याचा अंमल शिल्लक असताना दुसरं घातलं तर कोण काय करतंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मुलांना घाई असे, कॅन्टीन बंद होत असे, प्रेमप्रकरणं खोळंबलेली असत. मामा स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत. “तीनदा धुतल्याशिवाय दुसरं औषध नाही,” म्हणजे नाही.

दुसरी गोष्ट त्यांना हट्ट वाटतच नव्हती. एकदा पीएच.डी. करणाऱ्या एका उतावळ्या गृहस्थाची रेघ काही केल्या चढेना. त्याने मामांना बाजूला घेतलं आणि काडीला जरासं बोट लावायला सांगितलं. जरासंच, वर्षाचा प्रश्न आहे म्हणाला. मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. न चढलेल्या रेघेचा तो कागद ड्रमवरून उतरवला, वार्निशमधे बुडवला आणि दोरीवर वाळत घातला. वार्निश बसलं की कागदावरचं काही पुसता येत नाही.

असो. हे सगळं संपलं. संगणक आले, प्राण्यांवरचे प्रयोग थांबले, ड्रम कपाटावर गेले. मामा निवृत्त झाले, बाई त्यानंतर दोन वर्षांत वारल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मामांची बायको गेली आणि घरातलं बोलणं बंद झालं.

हे मी अलंकारिक सांगत नाही. त्या घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. मामा मुळातच घुमे. दिवसभर स्टुलावर बसून रेघेकडे बघणाऱ्या माणसाला बोलायची सवय लागणार तरी कशी? एकुलती एक लेक लग्नाआधीच नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेलेली. आई गेली तेव्हा नऊ दिवसांसाठी आली होती, त्याला आता चार वर्षं झाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवण वेळेवर होतं का, हो. झोप लागते का, हो. पैशांचं काही, काही नाही. तिकडे थंडी आहे का, आहे. एखाद्या तोंडी परीक्षेसारखा हा फोन चाले आणि मामा त्यात नेहमी पास होत. तो ठेवल्यावर पुढचा रविवार येईपर्यंत मामांचा आवाज लागायचा तो दूधवाल्यापुरता.

झोप लागत नव्हती, हे मात्र खोटं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने त्यावर एक पिवळी गोळी दिली. खरं तर ती अंगाच्या खाजेची, पण झोप छान लागते म्हणाला. लागली. मग रात्री उठउठून लघवीला जावं लागतं म्हणून लघवीच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली. मग पोटात मुरडा येतो म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी तिसरी दिली, निळ्या पाकिटातली. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी शहाणा होता. आणखी काय चालू आहे, हे एकानेही विचारलं नाही आणि मामांनी आपणहून सांगितलं नाही, कारण विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची जन्माची खोड. वर्ष गेलं. पोट साफ होईना. तोंडाला कोरड पडे. मग जेवल्यावर उजव्या बरगडीखाली एक जड दुखणं सुरू झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी निळी गोळी दोनदा घ्यायला सांगितली, आणि दुखणं दुप्पट झालं.

तपासणीत निघालं की पित्ताशय फुगलंय, आत गाळ साठलाय, खडा मात्र नाही. सर्जन तरुण आणि उत्साही होते.

“सुस्त पडलंय ते काका. रिकामंच होत नाही. तीन आठवड्यांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर अशी एक तपासणी करू, त्यातही असंच आलं की काढून टाकू. त्याच्यावाचून माणसाचं काही अडत नाही.”

“बरं,” मामा म्हणाले.

“बरोबर कोण आहे? इथे जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. आणि नंतर आठ-दहा दिवस घरात कुणीतरी हवं.”

मामांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. त्या रविवारी तोंडी परीक्षेत ते पहिल्यांदाच नापास झाले. तब्येत कशी आहे, याला त्यांनी खरं उत्तर दिलं. लेक म्हणाली, “बाबा, मी येते.” ऑपरेशनचं कारण सांगून तिने वीस दिवसांची रजा मिळवली आणि दोन दिवसांत तिकीट काढलं.

पुढचा आठवडा मामा चालत होते की तरंगत होते हे शेजाऱ्यांना विचारायला हवं. लेकीच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं, बंद पडलेला पंखा आणि बायकोची शिलाईची मशीन साठली होती. ती सगळी रास त्यांनी एकट्याने हलवली. खिडकी पुसली. उशी नवी आणली, कारण जुनीला वास येत होता. पलंगावर चादर अंथरली, तिच्या सुरकुत्या काढल्या, आणि मग ती कुणी न झोपताच चुरगळते की काय म्हणून दार लोटून घेतलं. दूधवाल्याला सांगून टाकलं की विसाव्या तारखेपासून एक लिटर जास्त. लेक येणार आहे, हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. दूधवाल्याने विचारलं, “काही कार्य आहे का घरात?” मामा म्हणाले, “ऑपरेशन आहे.” दूधवाला गोंधळून गेला.

आणि त्याच आठवड्यात ते आरशात दिसलं.

सकाळी दाढी करताना मामांनी दिवा लावला होता, वर खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. गालावरून पातं फिरवता फिरवता त्यांनी सहज डोळ्यांत बघितलं. एवढ्या उजेडात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी व्हायला हवी. ती वाटाण्याएवढी होती. दोन्ही डोळ्यांत.

मामांचा हात थांबला. फेस गालावरच वाळला. तोंड कोरडं, बाहुली मोठी, पोट गप्प, आणि लघवीला तर हल्ली उभं राहून राहून कंटाळा यायचा. पाढा पुरा झाला होता आणि तो पुरा करायला बाईंची गरज पडली नव्हती.

त्यांनी तिन्ही पाकिटं खाटेवर ओतली. आतले कागद बारीक अक्षरांतले. जवळचं नीट दिसत नव्हतं, त्याचंही कारण आता कळत होतं. भिंग आणून वाचलं. सगळं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, पण बाईंच्या बसमधल्या त्या प्रवाशाचं, त्या रसायनाचं नाव ते झोपेतही ओळखत. बत्तीस वर्षं त्याच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांनीच बदलली होती. तिन्ही कागदांवर ते नाव होतं, आणि शेजारी त्याला अडवतं असं लिहिलेलं. पिवळी, पांढरी, निळी, तिघीही त्याच सीटवर रुमाल टाकून मोकळ्या झालेल्या, रोज, एकीवर एक, वर्षभर. मधे एकदाही धुणं नाही. पट्टीच्या बाबतीत ज्या माणसाने पोरांना कॅन्टीनला जाऊ दिलं नाही, त्याने स्वतःचं पोट न धुतलेलं पात्र करून ठेवलं होतं. पित्ताशय सुस्त नव्हतंच. त्याला कुणी उठू देत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर तडक उठून डॉक्टरांकडे गेला असता. मामाही चप्पल घालून दारापर्यंत गेले. तिथे त्यांना समोर लेकीच्या खोलीचं लोटलेलं दार दिसलं.

गोळ्या थांबवल्या तर पित्ताशय हलेल. पित्ताशय हललं तर ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर लेक नाही. एवढा साधा हिशेब होता, आणि तो करायला त्यांना दारात उभं राहून बराच वेळ लागला. मग त्यांनी चप्पल काढली. पाकिटं पुन्हा डब्यात भरली. एका पिशवीच्या बदल्यात वीस दिवस. त्याच्यावाचून माणसाचं काही अडत नाही, असं सर्जन स्वतःच म्हणाले होते.

मला मामांचा राग येतो तो इथे. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी पिवळी घेतली, पांढरी घेतली, आणि निळ्या दोनच्या ऐवजी तीन घेतल्या. रेघ सरळ यायला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काडीला बोट लावलं होतं.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत एक बाई डॉक्टर होती, पस्तिशीची. पोटावर गार जेल लावून तिने यंत्र फिरवलं, पडद्यावर पित्ताशयाची लांबी-रुंदी मोजली, आणि मग कागदावरचं नाव वाचून एकदम वळली.

“मामा? काजळीमामा ना तुम्ही? मी तुमच्याकडे होते. ओळखलंत का?”

मामांनी नाही ओळखलं. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत.

“मी वार्निश न बसलेल्या काजळीवर कोपर टेकलं होतं. अख्ख्या रेघेच्या मधोमध. रडायला लागले होते मी, पुन्हा करू द्या म्हणून.”

आता आठवलं. “मी तो तसाच वार्निश केला.”

“कोपरासकट,” ती हसली. “बाईंनी मला सहा मार्क दिले. कोपर झालंय तर झालंय, दिसू दे, असं म्हणाला होतात तुम्ही. अजून माझ्याकडे आहे तो कागद.”

नंतर मामांना बाहेर बसवून दोन उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव आणि पेलाभर दूध दिलं गेलं. तोंडात लाळ नव्हती. पावाचा घास दुधाबरोबर ढकलावा लागला. पाऊण तासाने पुन्हा पोटावर जेल. एवढ्या स्निग्ध जेवणानंतर धडधाकट पित्ताशय निम्म्याहून जास्त रिकामं होतं. मामांचं होतं तेवढंच होतं. डॉक्टरने पुन्हा मोजलं. मग तिने उठून खोलीतला मोठा दिवा लावला आणि मामांना सही करायला कागद दिला. मामांनी तो हात लांब करून धरला, मग आणखी लांब केला.

“मामा, इकडे बघा.”

त्यांनी बघितलं नाही.

“बघा ना.” तिने खिशातला फोन काढून त्याचा उजेड डोळ्यांवर धरला. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. मग अगदी हळू, वर्गात म्हणावं तसं म्हणाली, “तोंड कोरडं, बाहुली मोठी, पोट गप्प.”

“लघवी तुंबलेली,” मामा म्हणाले. मागून पुरं करायची सवय.

“काय घेतलंत?”

मामांनी तिन्ही नावं सांगितली. सकाळच्या जास्तीच्या गोळ्याही सांगितल्या. ती खुर्ची ओढून समोर बसली.

“तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला कळणार नाही असं होऊच शकत नाही. मग का?”

“लेक येणार आहे.”

“म्हणजे?”

“ऑपरेशन आहे म्हणून येणार आहे. चार वर्षांनी.” एवढं बोलून मामांना वाटलं की झालं. पण ती अजून बघत होती, म्हणून त्यांना पुढे बोलावं लागलं. “घरात फार शांत असतं. मी आधी असा नव्हतो, म्हणजे होतो, पण ती होती. आता मला एकट्याला नाही जमत.”

हे वाक्य त्यांनी बायको गेल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं ते एका अनोळखी बाईला, पोटाला जेल चोपडलेलं असताना.

डॉक्टरने टेबलावरचा कागद पुढे घेतला. “आज आकडा आलाय, तो खराच आहे मामा. यंत्र खोटं बोलत नाही. एवढाच आकडा लिहिला तर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होईल आणि मला कुणी बोल लावणार नाही.” तिने पेन हातात धरलं. “तुम्ही सांगा. काय लिहू?”

मामा पलंगाच्या कडेवर बसले होते, पाय खाली लोंबत होते. त्यांना विसावी तारीख दिसत होती, विमानतळाचं दार दिसत होतं, चादर दिसत होती. नुसता आकडा, बस्स. कुणाचं काही वाईट होणार नव्हतं. त्यांनी शर्टाने पोट पुसलं आणि बटणं लावली. एक बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

“कोपरासकट लिहा,” ते म्हणाले.

तिने लिहिलं. तीन औषधांच्या अमलाखाली केलेली तपासणी, ग्राह्य धरू नये. मग तिने स्वतः सर्जनना फोन केला, लघवीच्या डॉक्टरांना केला, आणि एका मोठ्या डॉक्टरांकडे मामांना घेऊन गेली. त्यांनी गोळ्या एकेक करून उतरवल्या. दर आठवड्याला एक. लेकीला ऑपरेशनची तारीख थोडी पुढे गेली असं कळवलं. तिने तिकीट तीन आठवड्यांनी पुढे ढकललं. म्हणजे खरं काय ते मामांनी अजून सांगितलं नव्हतं. आणखी तीन आठवडे तेवढीच आशा.

तीन आठवडे मामांचं धुणं चाललं. झोप पार उडाली. पण दहाव्या दिवशी तोंडाला पाणी सुटलं, भाताच्या नुसत्या वासाने. बाराव्या दिवशी पोटात गुरगुर झाली, इतकी मोठी की वर्तमानपत्र वाचत असलेल्या मामांनी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून.

पुन्हा अंडी, पुन्हा लोणी, पुन्हा पाऊण तास. डॉक्टरने पडदा मामांकडे वळवला. मघाशी पेरूएवढी दिसणारी काळी पिशवी आता मिटून लहानशी झाली होती. निम्म्याहून खूप जास्त रिकामी. मामा हाताच्या कोपरावर उठून त्या पडद्याकडे बघत राहिले. चांगली चढलेली रेघ बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता, आणि मग तो उतरला.

“सांगा आता तिला,” डॉक्टर म्हणाली. “आणि नुसतं तब्येतीचं सांगू नका.”

रविवारी सकाळी मामा फोनसमोर स्टूल घेऊन बसले.

“ऑपरेशन रद्द झालं,” त्यांनी सुरुवात केली. “गोळ्यांमुळे होत होतं. आता ठीक आहे.”

“काय सांगता! बाबा, किती बरं झालं.” लेकीच्या आवाजातला आनंद खरा होता, तो ऐकून मामांना तिचं कौतुक वाटलं. मग ती थांबली. “मग तिकीट... त्यांनी रजा ऑपरेशनसाठी दिली होती, बाबा. तसं लिहून दिलंय मी.”

“हो. बरोबर आहे.”

नेहमीचा फोन इथे संपला असता. मामांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“तू आलीस तर मला बरं वाटेल. ऑपरेशन नसलं तरी. मला तुझी आठवण येते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाबा, हे तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.”

“नाही म्हणालो.”

“आई म्हणायची. दर रविवारी म्हणायची, बाबांना तुझी आठवण येते. मला वाटायचं ती तुमच्या वतीने उगाच काहीतरी सांगते.” ती आता भरभर बोलत होती. “मला ते खरं वाटलं असतं ना बाबा, तर मी इतकी वर्षं...” तिने वाक्य सोडून दिलं. “बघते मी. विचारते ऑफिसात. नक्की सांगत नाही हं.”

बुधवारी दुपारी मोबाइलवर तिचा लेखी निरोप आला. रजा रद्द झाली, दुसरी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. खाली लिहिलं होतं की तब्येतीची काळजी घ्या, आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत, मलाही येते.

मामांनी ते भिंग न लावता वाचलं. आता जवळचं दिसत होतं. दूधवाल्याला त्यांनी जास्तीचं दूध नको म्हणून सांगितलं, आणि त्याने का ते विचारलं नाही. मग दोन अंडी उकडली, पावाला लोणी लावलं आणि सगळं संपवलं. टेबल पुसलं, ताटली धुतली, आणि अर्धा तास स्टुलावर नुसते बसून राहिले. लेकीच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. अर्ध्या तासाने सवयीने त्यांचा हात उजव्या बरगडीखाली गेला. त्यांनी थोडं दाबून बघितलं, मग आणखी थोडं. तिथे काहीच दुखत नव्हतं.